एवढं म्हणतोस तर

आमच्या मिसना चहा विचारणं म्हणजे एक व्याप होता. "मिस, दिते घेता काय?" म्हटलं की त्या मान वर न करता म्हणायच्या, "नको." तुम्ही "बरं" म्हणून किटली खाली ठेवलीत की संपलंच, दिवसभर तोंड फुगलेलं. म्हणून पुन्हा विचारायचं. त्यावर, "कशाला उगाच?" मग तिसऱ्यांदा, जरा आवाज चढवून, "घ्या की हो थोडा," म्हटलं की त्या चष्मा काढून पदराने पुसायच्या, एक सुस्कारा सोडायच्या आणि माझ्यावर उपकार केल्यासारख्या म्हणायच्या, "एवढं म्हणतोस तर आण. साखर दोन चमचे." म्हणजे पहिल्या 'नको'च्या वेळीच साखरेचासुद्धा हिशोब ठरलेला असायचा. मी तापट माणूस आहे. तरी दर शनिवारी हा खेळ मी दोन वर्षं खेळलो, याचं मला अजून नवल वाटतं.

आमच्या बेटावर मोका गावाजवळच्या कॉलेजात शनिवारी एकच खोली उघडी असायची, आणि ती मिसची. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कोणा परदेशी पाहुण्याने कॉलेजला एक कॉम्प्युटर भेट दिला होता. टीव्हीला जोडायचा, शेजारी कॅसेट-प्लेअर लावायचा, आणि कॅसेटवरून प्रोग्रॅम चढेपर्यंत माणसाने खुशाल बाजार करून यावं. तो कपाटात पडून होता. त्याच सुमारास वरच्या लोकांनी असं ठरवलं की शनिवार-रविवारी जी मुलं घरी जाऊ शकत नाहीत, आसपास भाड्याच्या खोल्यांत एकटी पडून राहतात, त्यांची विचारपूस करायला कॉलेजात कोणीतरी असावं. रजिस्ट्रार साहेबांनी दोन्ही गोष्टी एकाच खोलीत घातल्या, म्हणजे किल्ली एकच सांभाळावी लागेल. विचारपुशीसाठी भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या मिसना बसवलं आणि कॉम्प्युटरसाठी फळ्यावर नोटीस लावली: शनिवारचं अर्धवेळ काम, कॉम्प्युटर येणारा विद्यार्थी पाहिजे, मुलांच्या मदतीचं कामही करावं लागेल. नोटिशीतलं शेवटचं वाक्य मी नीट वाचलं नाही. ब्रीझे वेर्दिएर गावी आमचा भाजीचा मळा होता आणि त्या मळ्यातून सुटण्याचा एकच रस्ता मला दिसत होता. तो त्या टीव्हीच्या पडद्यातून जात होता.

मिस ठेंगण्या होत्या. मोकाच्या गारठ्यापायी साडीवर भावाचा जुना स्वेटर घालायच्या, त्याच्या बाह्या बोटांपर्यंत यायच्या आणि त्या बाह्यांतून हात काढायचा कंटाळा म्हणून मला हुकूम सोडायच्या. हातात वाकुआच्या पानांची विणलेली मोठी पिशवी. त्या पिशवीत दालपुऱ्यांची चळत, बाटलीत आचार म्हणजे लोणचं, एक थर्मास आणि कधीही न उघडलेली छत्री. राहायच्या लॉंग माउंटनला, भावाच्या घरी. कॉम्प्युटरला त्या नेहमी 'तो' म्हणत. "तो उठला काय आज?" "त्याला सर्दी झाली काय, आवाज करतो?" मी आधी दोन-तीन शनिवार समजावून पाहिलं, मग नाद सोडला.

छत्री न उघडण्याचं कारणही तेच. मोकाला पाऊस म्हणजे रोजचाच. बसस्टॉपपासून कॉलेजपर्यंत चढ. फिजिक्सचे सर आपल्या मोटारीतून जाताना काच खाली करायचे. "मिस, येता का?" मिस म्हणायच्या, "नको, नको." सर बिचारे सभ्य गृहस्थ. नको म्हणजे नको, असं समजून काच वर करायचे. मिस निथळत खोलीत यायच्या आणि माझ्यावर उखडायच्या. "आयो, काय ही माणसं! एकदा विचारतात आणि गाडी चालू करतात!"

"मग हो म्हणायचं ना, मिस."

"पहिल्यांदाच? मी काय गाडीसाठी टपून बसलेय?"

"निदान छत्री तरी उघडायची."

"छत्री उघडली तर ते विचारणार कशाला?"

मी टॉवेल आणून द्यायचो. टॉवेललाही त्या पहिल्यांदा नकोच म्हणायच्या.

कॉलेजच्या फाटकासमोर एका चिनी म्हाताऱ्याचं दुकान होतं. अख्ख्या मोकात मिसची खोड त्याला एकट्याला कळली होती. तो एका दमात विचारायचा, "बिस्किट, बिस्किट, बिस्किट?" आणि पुडा पुढे करायचा. आम्हाला हसू यायचं. मिसना यायचं नाही. त्या गंभीरपणे मला सांगायच्या, "त्याचं ते एकदाच धरायचं. मध्ये श्वास घेतला नाय त्याने."

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे आग्रह असतोच. असतो, मला ठाऊक आहे. माझ्या आईनेही कोणाला पहिल्या नकारावर सोडलेलं नाही. पण आई हा प्रकार ताटापुरता ठेवायची. मिसनी त्याचं शास्त्र केलं होतं. "पहिलं उत्तर पाहुण्याचं," त्या बोटावर बोट ठेवून सांगायच्या, "दुसरं भिडेचं. माणूस बोलतो ते तिसऱ्याला." आणि हे शास्त्र त्यांनी माझ्या प्रोग्रॅममध्ये घुसवायचं ठरवलं तेव्हा माझ्या संयमाची खरी परीक्षा सुरू झाली.

प्रोग्रॅमची कल्पना त्यांचीच. मुलं खोलीत यायची, दारातच "की मान्येर?", म्हणजे कसं काय, म्हणून विचारलं की "कोरेक, मिस, कोरेक!" म्हणायची, आणि कॉम्प्युटर बघायला धावायची. आमच्या बेटावर कोणाचं घर वाऱ्याने उडालं तरी तो माणूस कसा आहेस विचारल्यावर कोरेकच, म्हणजे सगळं ठीकच, म्हणेल. मिसना त्या शब्दाचा भयंकर राग. "कोरेक म्हटलं म्हणजे दार लावून घेतलं," म्हणायच्या. एके दिवशी मला म्हणाल्या, "ती तुझ्या त्याच्याकडे धावतात ना? मग त्यालाच विचारू दे. माणसाच्या तोंडाकडे बघून सांगायला लाज वाटते. त्याला कुठे तोंड हाय!"

मला कल्पना आवडली, खोटं कशाला सांगू. मी एका आठवड्यात प्रोग्रॅम लिहून आणला. जेवलास का, झोप लागते का, घरून निरोप येतो का, अभ्यास जमतो का, बोलायला कोणी आहे का. हो असेल तर एक दाबा, नाही असेल तर शून्य. पडद्यावर प्रश्न आमच्या बेटाच्या क्रेओल बोलीत, इंग्रजी अक्षरांत. शेवटी निकाल: तुम्ही ठीक आहात, किंवा मिसकडे जा. स्वच्छ, सरळ, कुठे पाल्हाळ नाही. मला स्वतःचा अभिमान वाटला.

मिसनी स्वेटरच्या बाहीतून एक बोट बाहेर काढलं आणि पाचही वेळा एक दाबलं. पडद्यावर आलं, तुम्ही ठीक आहात.

"ह्याला कोणी शिकवलं?" त्या म्हणाल्या. "मी सकाळपासून उपाशी हाय. रात्रभर गुडघा ठणकत होता. आणि हा म्हणतो कोरेक!"

"मिस, तुम्ही एक दाबलंत."

"मी दाबलं पहिल्यांदा. त्याने पुन्हा विचारायला नको?"

मी डोकं धरलं. त्यांना सांगितलं की मशीनला भीड नसते, मशीन उत्तर घेतं आणि पुढे जातं, मशीनचा गुणच तो आहे. त्याच्या पोटात जागा थोडी असते, प्रत्येक प्रश्न तीनदा घातला तर ती भरेल. शिवाय मुलांना वाटेल की बिघडलाय. मिसनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तीनदा. आणि त्याच शब्दांत नाय. तेच शब्द पुन्हा आले तर माणूस चिडतो."

मग मी तीनदा घातलं. जेवलास? अगदी खरं? बघ हं, पोट भरलंय ना? असं प्रत्येक प्रश्नाचं. ते झाल्यावर म्हणाल्या की हा फार भराभर विचारतो, पोलिसासारखा. मध्ये जरा थांबला पाहिजे, विचारात पडल्यासारखा. मशीन विचारात कसं पडणार? मी त्याला प्रत्येक प्रश्नाआधी उगाचच्या उगाच हजारापर्यंत आकडे मोजायला लावले, तेवढा वेळ पडदा कोरा राहायचा. मिस खूश झाल्या. "हां, आता माणसात आला." त्यानंतर म्हणाल्या, निकाल पडद्यावर नको, मागे उभ्या असलेल्या पोरांना दिसतो. तिसऱ्याला कोणी शून्य दाबलं तर नुसती 'टिंग' वाजू दे, मी समजेन. मी टिंग घातली. एकदा राजधानीतून दुरुस्तीवाला आला, त्याला प्रोग्रॅम तेच तेच विचारतोय असं दिसलं, आणि त्या भल्या माणसाने दुसरा आणि तिसरा प्रश्न काढून टाकून कॅसेटवर नवा प्रोग्रॅम भरून ठेवला. जुना पुसला गेला. मी सगळा पुन्हा लिहिला. लिहिताना मी मिसना, आग्रहाला आणि आमच्या कोकणातून आलेल्या तमाम पूर्वजांना शिव्या घालत होतो. त्यांना ऊस तोडायला बोटीत बसवणाऱ्याने नक्की तीनदा विचारलं असणार, असंही मनात येऊन गेलं.

मुलांना वाटलंच की मशीन बिघडलंय. टपल्या मारायची. पण एक मुलगी होती, मारी नावाची, रॉड्रिग्स बेटावरून आलेली. पहिल्या वर्षाला. आम्ही बाकीचे कधीमधी तरी आपापल्या गावी जाऊ शकत होतो, तिचं गाव म्हणजे जहाजाचा प्रवास. घरमालकीण शनिवार-रविवार स्वयंपाकघराला कुलूप लावून लेकीकडे जायची. हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं की ही पोरगी दर शनिवारी सकाळी येते, कोपऱ्यात बसते आणि कोरेक म्हणते.

एका शनिवारी ती कॉम्प्युटरसमोर बसली. मी मागे कॅसेट पुसत होतो. जेवलीस? एक. पडदा कोरा. अगदी खरं? एक. पडदा पुन्हा कोरा, माझे ते हजार आकडे चाललेले. तिचं बोट एकवर टेकलेलं मला दिसत होतं. तिसरा प्रश्न आला, आणि तिने बोट उचलून शून्यावर ठेवलं. टिंग.

मिसनी मान वर केली नाही. पिशवीतून दालपुऱ्या काढल्या, केळीच्या पानावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "खा." मारी म्हणाली, नको. मिस म्हणाल्या, खा. ती म्हणाली, पोट भरलंय. मिस तिसऱ्यांदा म्हणाल्या, आणि मग त्या मुलीने जे खाल्लं ते मला बघवेना. मी कॅसेट घेऊन बाहेर गेलो.

पुढच्या कुठल्याशा शनिवारी तिने सांगितलं की ती कॉलेज सोडून परत चालली आहे. मला वाटलं, आता मिस हिला चार गोष्टी समजावतील. नोकरी त्याचीच होती ना? मिसनी विचारलं, "जहाज कधीचं?"

"पुढच्या महिन्यातलं."

मिसनी तिच्यासाठी चहा ओतला. आचाराच्या बाटलीचं झाकण लागेना, त्याच्याशी खटपट केली. मग पुन्हा, "जहाज कधीचं म्हणालीस?"

"तिकीट अजून काढलं नाही, मिस."

मिसनी मला खिडकी लावायला सांगितली. खिडकी लागल्यावर तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा मारीने टेबलावर डोकं ठेवलं आणि म्हणाली की तिला जायचं नाहीये, ती एका पेपरात नापास झाली आहे आणि घरी कसं सांगावं ते कळत नाही, एवढंच. मिस म्हणाल्या, "एवढंच ना. चहा गार होतोय." मारी गेली नाही. पेपर पुन्हा दिला आणि पास झाली.

हे बघून माझा राग गेला असं समजू नका. उलट वाढला, कारण आता मिसना बोलायला जागाच उरली नाही. प्रत्येक नव्या मागणीला त्या "मारीला विचार" म्हणायच्या. आता म्हणे त्याने मुलांना चहापण विचारावा!

त्या वर्षी गणपतीला त्यांनी मला लॉंग माउंटनला जेवायला बोलावलं. तीनदा बोलावलं म्हणून गेलो. मोदक वाढले. मी पोटभर खाऊन मनापासून नको म्हटलं, पुन्हा नको म्हटलं, तिसऱ्यांदा हात ताटावर आडवा धरून नको म्हटलं. त्यांनी बोटांच्या फटीतून मोदक सोडला.

"मिस, तीनदा झालं!"

"गणपतीत मोजत नाय."

बाहेरच्या पडवीत गावच्या बैठकेचे, म्हणजे मुलांची शाळा आणि गावाची सभा जिथे भरते त्या घराचे, दोन पंच येऊन बसले होते. शनिवारी मुलांना मराठी शिकवायला कोणी नाही, तुम्ही या, म्हणत होते. मिस आतूनच म्हणाल्या, नको. थोड्या वेळाने पंच पुन्हा म्हणाले. मिस म्हणाल्या, कशाला उगाच. पुढचं ऐकायला मी थांबलो नाही, माझी शेवटची बस होती.

वर्ष संपत आलं तेव्हा एका शनिवारी रजिस्ट्रार साहेब खोलीत डोकावले. उंच, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलताना निम्मं लक्ष मनगटावरच्या घड्याळात. मी टेबलाखाली प्लग बसवत होतो. त्यांनी दारातूनच विचारलं, "मिस, पुढच्या वर्षी शनिवारचं काम चालू ठेवणार का तुम्ही?"

मिस म्हणाल्या, "नको, आता पुरे."

"बरं. मेर्सी, मिस." आणि गेले.

मी टेबलाखालून निघेपर्यंत डोकं आपटून घेतलं. साहेबांना जिन्यावर गाठलं. म्हटलं, "साहेब, अजून दोनदा विचारा त्यांना."

साहेब थांबले. "मो फिन देमांदे, ली फिन दिर नों." मी विचारलं, ती नाही म्हणाली. त्यांच्या दृष्टीने विषय मिटला होता.

"ते नाही नव्हतं, साहेब."

"मग काय होतं?"

आता त्या माणसाला जिन्यात उभं करून काय सांगू? आमच्यात पहिलं नाही म्हणजे नुसतं नमस्कार केल्यासारखं असतं, असं काहीतरी मी बोललो. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच मिसकडे विचारपुशीला जायला हवं. मग घड्याळ बघून म्हणाले की माणूस नाही तर खोलीही नाही. जानेवारीपासून कुलूप लागेल आणि कॉम्प्युटर हिशोबखात्यात जाईल.

मी परत येऊन मिसवर ओरडलो. हो, ओरडलो. "तुम्हाला ही खोली सोडायचीय?"

"सोडवते कुठे," त्या म्हणाल्या, आणि बाहीत हात ओढून घेतले. "आणि विचारलं किती वेळा त्यांनी? एकदा! दारातून! इतका काळ काम केलं मी."

"मग जाऊन सांगा ना, की राहते म्हणून."

"मी? आपल्या तोंडाने?" त्यांना धक्काच बसला. "मला वाढा म्हणून पानावर जाऊन बसू?"

मारी कोपऱ्यात पुस्तक उघडून बसली होती. जाताना तिने दारात मला विचारलं, जानेवारीत शनिवारी खोली उघडी असेल ना? मी म्हणालो, हो. मिसवरच्या रागाच्या भरात म्हणालो, पण म्हणालो, आणि मग ते हो माझ्या गळ्यात पडलं. ती मुलगी शनिवारी दुसरीकडे कुठे जाणार होती?

आठवडाभर मी साहेबांच्या मागे लागलो. कॉम्प्युटर हिशोबखात्यात न्यायचा तर तो चालतो कसा ते बघून घ्या, असं सांगून शेवटी पुढच्या शनिवारी त्यांना दुपारी खोलीत आणलं. जेवणाची वेळ मुद्दाम साधली. मारी होती, मिस होत्या. साहेब खुर्चीत बसले. जेवलात? साहेबांनी एक दाबलं. पडदा कोरा झाला. "की एते सा? हे काय, बंद पडलं?" मी म्हटलं, नाही साहेब, विचार करतोय. अगदी खरं? साहेबांनी कपाळाला आठी घालून एक दाबलं. पुन्हा कोरा पडदा. साहेबांनी घड्याळ पाहिलं. बघा हं, पोट भरलंय ना? साहेब थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि त्यांनी शून्य दाबलं.

टिंग वाजली. मिसनी मान वर न करता दालपुऱ्या काढल्या. साहेब नों मेर्सी म्हणाले, पुन्हा नों मेर्सी म्हणाले, आणि तिसऱ्यांदा त्यांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या. मारीने आचाराची बाटली त्यांच्याकडे सरकवली. दोन दालपुऱ्या झाल्यावर साहेबांचा चेहरा निवळला. रुमालाने बोटं पुसत ते म्हणाले, "मिस, खरंच सोडता काम?"

दुसरं! मी टेबलाची कड घट्ट धरली.

"कशाला उगाच मला म्हातारीला," मिस म्हणाल्या. "गुडघे दुखतात."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, जोरात. साहेब जागचे उठले, मिसच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले की मिस, राहा ना, तुम्ही हव्या आहात इथे.

मिसनी चष्मा काढला. पदराने पुसला. सुस्कारा सोडला. मला जग जिंकल्यासारखं वाटलं.

"नाय, साहेब," मिस म्हणाल्या. "लॉंग माउंटनच्या बैठकेत शनिवारी पोरांना मराठी शिकवायचं कबूल केलंय मी. त्यांनी तीनदा विचारलं."

मग मी बोललो. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणालो, "मग त्या दिवशी सोडवत नाही असं का सांगितलंत मला?"

"तू एकदाच विचारलंस," मिस शांतपणे म्हणाल्या. "पहिलंच उत्तर घेऊन पळत सुटलास. एवढे दिवस माझ्याजवळ बसून काय शिकलास?"

"आणि साहेबांना इतकं फिरवलंत ते?"

"निघताना नीट विचारायला पाहिजे की नको माणसाला?" असं म्हणून त्यांनी चष्मा पुन्हा घातला. त्यांचे डोळे ओले होते. त्या क्षणी मला त्यांचा मनस्वी राग आला होता, आणि त्या जाणार म्हणून रडूही येत होतं. दोन्ही एकदम येणं फार वाईट.

साहेब सगळं बघत होते. मिसचं-माझं भांडण मराठीत होतं आणि ती त्यांना येत नव्हती, पण तेवढं कळायला भाषा लागत नाही. ते माझ्याकडे वळले. "आलॉर? मग शनिवारी तू बसशील? कॉम्प्युटर आणि मुलं, दोन्ही?"

"नको!" मी म्हणालो. मी मनापासून म्हणालो. मला मशीनचं काम करायचं होतं, मळ्यापासून आणि माणसांपासून लांब. कोणाच्या जेवणाची चौकशी करायला मी कॉलेजात आलो नव्हतो.

साहेबांनी खांदे उडवले आणि दाराकडे निघाले.

"साहेब," मिस मागून क्रेओलमध्ये म्हणाल्या, "त्याला अजून दोनदा विचारा."

साहेब दारातून वळले. त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मला जमणार नाही, माझा स्वभाव नाही तसा. मारी रिकामी पानं गोळा करत होती, ती हातात तशीच धरून माझ्याकडे बघत उभी राहिली. कॉम्प्युटरही पुढच्या प्रश्नावर येऊन उत्तराची वाट बघत थांबला होता. घड्याळ बघायची सवय असलेल्या त्या साहेबांनी घड्याळ न बघता मला तिसऱ्यांदा विचारलं.

"एवढं म्हणता तर..." मी म्हणालो. आणि तोंडातून काय निघालं ते माझं मलाच ऐकू येऊन मी थांबलो.

मिसनी पिशवीतून थर्मास काढला, एक कप चहा ओतला आणि माझ्यापुढे ठेवला. साखर विचारली नाही. दोन चमचे आधीच घातली होती. मी चहा बिनसाखरेचा पितो, पण साखर किती हे त्या बाईंनी दोन वर्षांत मला एकदाही विचारलं नव्हतं. मी सगळा कप प्यालो.